ऑफिसात ‘नाव’ नक्की कशाने होतं?

रात्रपाळीवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

हिंजवडीत आयटीत आहे, प्रॉडक्शन सपोर्टला. नुकतंच अप्रेझल झालं. जुना मॅनेजर बंगळुरूला गेला, नवीन आलाय. माणूस वाईट नाही, पण त्याच्या एका वाक्याने डोकं फिरलंय. म्हणाला, “तुझ्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही. पण कोणी काही बोलतच नाही.” रेटिंग काय, तर ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’.

रात्री दोनला बॅच जॉब (रात्री आपोआप चालणारं संगणकाचं काम) अडकला की फोन मला येतो. मी उठतो, लॉग बघतो, जॉब परत सुरू करतो. सकाळी क्लायंट ऑफिसात येतो तेव्हा त्याला सगळं हिरवंगार दिसतं. काही बिघडलं होतं हे त्याला कळतही नाही. तेच तर आमचं काम ना?

टीममध्ये एक पोरगा आहे, त्याला इथे बंड्या म्हणू. दर पंधरा दिवसांनी सगळ्यांना एक मेल टाकतो, रंगीत तक्ता वगैरे लावून. काम माझ्याएवढंच, किंबहुना कमीच. प्रमोशन त्याला.

आई म्हणते, आपण काम करत राहावं, देव बघतो. देव बघत असेलही, पण फॉर्म भरायला तो येत नाही. स्वतःचे ढोल वाजवणं मला जमत नाही आणि आवडतही नाही. न वाजवता नाव होतं का? तुमच्या क्षेत्रात ते कशाने होतं, आणि मुख्य म्हणजे कशाने जातं? आयटीबाहेरच्यांचे अनुभव ऐकायला जास्त आवडतील.

खडूस_कोथरूडकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बंड्याचा आयडी इथे असेल तर धागा शंभरी गाठणार.

भोसरीचा_लेथवाला

आयटीतलं कळत नाही, आमच्या धंद्यातलं सांगतो.

आमच्याकडे नावाचा आकडाच असतो. कंपनी दर महिन्याला व्हेंडर रेटिंग काढते. माल किती रिजेक्ट झाला, वेळेवर किती आला, सगळं कागदावर. पण खरं नाव त्या कागदावर नसतं. खरं नाव गेटवर कळतं. काही जणांचा माल इनवर्डला तपासल्याशिवाय आत जात नाही आणि काही जणांचा सरळ लाइनवर जातो.

शेजारच्या गाळ्यात एक काका आहेत. बुश बनवतात. २५ मिलिमीटरचं बोअर, एच सेव्हन, म्हणजे वर फक्त २१ मायक्रॉनची सूट. एकदा रात्रपाळीत रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) दगा दिला आणि नो-गो गेज आत जायला लागला. नो-गो आत गेला म्हणजे भोक मोठं, तो नग भंगारात. कळलं तेव्हा गाडी भरायला घेतली होती. असल्या वेळी बरेच जण काय करतात हे आमच्या लाइनीत सगळ्यांना ठाऊक आहे. खराब नग चांगल्यात मिसळायचे, तिकडे सापडले तर डेबिट नोट घ्यायची, नाही सापडले तर गंगेला मिळाले.

काकांनी गाडी थांबवली, कंपनीच्या क्वालिटीवाल्याला घरी फोन लावला. “साहेब, एवढे नग पक्के आहेत, ते रिपोर्टसकट आत्ता पाठवतो. बाकीचे उद्या संध्याकाळी. उद्या दुपारपर्यंत तुमची लाइन चालेल एवढे आहेत का बघा.” क्वालिटीवाला फोनवर इतका तापला की पलीकडचा आवाज माझ्या गाळ्यात ऐकू आला. पण त्याच वर्षी त्याने काकांचा माल तपासणीतून काढून टाकला.

कारण काय? चूक कुणाच्याही गाळ्यात होते, ते त्यालाही माहीत होतं. चूक झाली तर आपल्याला सापडायच्या आधी हा माणूस स्वतःच सांगणार, हे त्याला त्या रात्री कळलं. तपासणीला माणूस लागतो, पगार लागतो. काकांनी त्याचा तो खर्च वाचवला.

ढोल नाही वाजवले. फोन केला फक्त.

मिरजेची_सिस्टर

लेथवाले दादा, अगदी! आमच्यात पण हेच.

पाळी बदलताना आम्ही ओव्हर देतो. कुठल्या बेडला काय चाललंय, कुणाचा रिपोर्ट यायचाय, कुणाचं सलाईन कधी संपतंय, ते पुढच्या पाळीला सांगायचं. कुणाच्या ओव्हरवर विसंबायचं आणि कुणाच्या ओव्हरनंतर सगळ्या फायली परत उघडायच्या, हे वॉर्डात आठवड्याभरात कळतं. नवी मुलगी आली की तिचं नाव तिथूनच ठरायला सुरुवात होते. मेट्रन मॅडमना नंतर कळतं.

आणि रात्रीचे फोन. “सर, बारा नंबरचा पेशंट बरा वाटत नाही हो” असा फोन केला की डॉक्टर म्हणणार, बघा जरा, सकाळी राउंडला येतो. पण आमच्यातली एक सीनियर कसं सांगायची बघा. “सर, बारा नंबर, काल ऑपरेशन झालेले. संध्याकाळी बीपी १३०/८० होतं, आत्ता ९०/६०. तासाभरात लघवी वीस मिली. हात गार लागताहेत. तुम्ही यावं असं मला वाटतं.” डॉक्टर बोलणं संपायच्या आत चप्पल शोधत असायचे. तिचा फोन विनाकारण येत नाही हे त्यांना पाठ होतं.

रात्रपाळीवाले भाऊ, तुमचा रात्री दोनचा जॉब आणि माझा बारा नंबर यात मला फार फरक दिसत नाही. तुम्ही पेशंट वाचवता, पण केसपेपरवर काहीच लिहीत नाही. मग सकाळच्या पाळीला वाटतं रात्र शांत गेली.

निवृत्त_उपअभियंता

सरकारी बाजू मांडतो.

आमच्या काळी नाव म्हणजे गोपनीय अहवाल. प्रतिवेदन अधिकारी लिहिणार, पुनर्विलोकन अधिकारी त्यावर शेरा मारणार, आणि ज्याच्याविषयी लिहिलंय त्याला फक्त प्रतिकूल शेरे कळवणार. ‘चांगला’ हा प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून तो कळवत नसत. पण पदोन्नतीला ‘अतिशय चांगला’ लागत असे. म्हणजे साहेबाने तुम्हाला चांगला म्हटलं म्हणून तुम्ही मागे राहणार, आणि का राहिलात ते तुम्हाला कधी कळणारही नाही.

सीमा सडक संघटनेतले एक कार्यकारी अभियंता, देव दत्त, नेमक्या याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ एवढाच शेरा, आणि त्यापायी अधीक्षक अभियंत्याची पदोन्नती हुकली. २००८ मध्ये निकाल लागला की प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला पाहिजे, मग तो चांगला असो वा वाईट. पुढच्याच वर्षी केंद्राने पूर्ण अहवाल दाखवण्याची पद्धत आणली. आक्षेप घ्यायला १५ दिवस मिळतात.

हे सांगायचं कारण असं की ‘काही बोललं न जाणं’ ही निरुपद्रवी गोष्ट नाही. तुमच्या मॅनेजरने तोंडावर सांगितलं याबद्दल त्याचे आभार माना. आम्हाला त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

दुसरं, स्वयंमूल्यमापनाचा रकाना. माझ्या हाताखालचे निम्मे लोक त्यात ‘नेमून दिलेली सर्व कामे समाधानकारकरीत्या पार पाडली’ असं लिहून मोकळे व्हायचे. त्यावर मी काय शेरा लिहिणार? ज्याने लिहिलं की अमुक पुलाच्या पायाला खडक अपेक्षेपेक्षा खोल लागला, संकल्पन बदलून घेतलं, तरी पावसाळ्याआधी स्लॅब झाली, त्याच्याबद्दल माझी लेखणी आपोआप चालायची.

वसुधा_टी

उपअभियंता काकांना अनुमोदन, आणि बंड्याची थोडी बाजू घेते. मी अशा बैठकांत बसते, त्यामुळे पडद्यामागचं सांगते.

रेटिंग तुमचा मॅनेजर एकटा ठरवत नाही. चार-पाच मॅनेजर एका खोलीत बसतात, समोर यादी असते, वरची रेटिंग्ज मोजकीच असतात. एकेका नावाला मिनिटभर मिळतं, कधी तेवढंही नाही. तुमच्या मॅनेजरने नाव घेतलं की बाकीचे विचारतात, “याने काय केलं?” त्या क्षणी त्याच्याकडे दोन ठोस वाक्यं असली तर तो भांडतो. नसली तर म्हणतो, “हार्डवर्किंग आहे, सिन्सिअर आहे.” हे दोन शब्द आले की माणूस मधल्या रांगेत गेलाच म्हणून समजा. बंड्या त्याच्या मॅनेजरला दर पंधरवड्याला ती वाक्यं आयती देतो. त्याला ढोल म्हणणं सोपं आहे.

दुसरा मॅनेजर “हो, आमच्या टीमलाही त्याने मदत केली होती” म्हणाला तर विषय संपतो. ते मात्र मेल पाठवून मिळत नाही.

आता तुमचा मेल बघू. जॉब सुरू केल्यावर तुम्ही काय लिहिता?

रात्रपाळीवाला

सगळ्यांचे आभार. सिस्टर, केसपेपरचं एकदम पटलं.

वसुधाताई, मेल असा असतो: “जॉब रिस्टार्ट केला. आता ओके आहे.” संपलं.

वसुधा_टी

वाटलंच. हे करून बघा:

“रात्री १:५० ला बिलिंगचा जॉब अडकला. कारण: आदल्या फाइलचं लॉक सुटलं नव्हतं. लॉक काढून २:३५ ला पुन्हा चालवला, ४ वाजता पूर्ण झाला. सहानंतर लक्षात आलं असतं तर आजची बिलं गेली नसती. सकाळच्या टीमने फक्त शेवटची फाइल एकदा बघावी. असं परत होऊ शकतं. कायमचा उपाय काय करता येईल ते शुक्रवारपर्यंत कळवतो.”

यात ‘मी किती थोर’ कुठे आहे? काय झालं, त्याने काय अडलं असतं, पुढच्याने काय करायचं आणि मी पुन्हा कधी बोलणार, एवढंच आहे. मात्र शुक्रवार म्हटलंत तर शुक्रवारीच कळवा. उपाय सापडला नसेल तर ‘अजून सापडला नाही, बुधवारपर्यंत वेळ द्या’ असं शुक्रवारीच कळवा. लोकांना उशिराचा राग येतो त्याहून जास्त राग आठवण करून द्यावी लागल्याचा येतो.

विद्रोही_बोका

सगळं गोड आहे. पण जरा वास्तव बोलू का?

मेल कितीही सुंदर लिहा, ज्याचं इंग्रजी गुळगुळीत त्याचंच नाव होतं. जो मॅनेजरबरोबर शुक्रवारी बसतो त्याचं होतं. कोणाचं आडनाव काय, कोण कुठल्या कॉलेजचा, कोण कुठल्या राज्याचा, हे त्या खोलीत कोणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात असतं. मराठी मीडियमच्या पोराने मीटिंगमध्ये दोन सेकंद शब्द शोधला की त्याला ‘कॉन्फिडन्स कमी’ असा शिक्का. आणि रेटिंग्ज आधीच वाटलेली असतात, कारण वरून कोटा येतो. व्यवस्था वाकडी असताना माणसाला मेल कसा लिहायचा ते शिकवणं म्हणजे आजार रेड्याला अन् औषध पखालीला.

वसुधा_टी

बोकोबा, कोट्याचं आणि शिक्क्यांचं नाकारत नाही. मी स्वतः दुसऱ्या बाजूने बघितलंय. टीममधल्या एका मुलीकडे मीटिंगच्या नोट्स, वाढदिवसाचे केक, नव्या पोरांना सगळं समजावणं असं येत गेलं. सगळे म्हणायचे ‘किती हेल्पफुल आहे’. खूप चांगलं नाव, आणि प्रमोशनच्या यादीत कुठेच नाही. २६ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेवरून आली तर तिला न विचारताच मोठं प्रोजेक्ट दुसऱ्याला दिलेलं, ‘तिला झेपणार नाही’ म्हणून. म्हणजे नाव चांगलं असणं पुरत नाही. कशाबद्दल चांगलं आहे, हेही बघायला लागतं.

पण व्यवस्था सरळ होईपर्यंत रात्रपाळीवाल्यांनी ‘आता ओके आहे’ एवढंच लिहीत राहायचं, यालाही माझी तयारी नाही. लेखी गोष्टीचा एक फायदा असा की तिथे शब्द शोधायला दोन सेकंद जास्त मिळतात.

विद्रोही_बोका

बरं. निम्मं मान्य.

खडूस_कोथरूडकर

बोका निम्मं मान्य म्हणाला! स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

इंजिनरूमातलो

मी बोटीर असतंय, सध्या मालवणात सुट्टीर. पुढचं सगळ्यांना समजेल असं लिहितो.

आमच्याकडे नोकरी कायमची नसते. काही महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग घर. उतरताना चीफ इंजिनिअर आणि कॅप्टन अप्रेझल भरतात. त्यात पन्नास रकाने असले तरी ऑफिसवाला आधी एकच बघतो, हा माणूस परत घ्यायचा का. त्यामुळे नाव हीच आमची पर्मनंट नोकरी.

पण त्या फॉर्मपेक्षा मी हँडओव्हर नोट्सवरून माणूस ओळखतो. मी चढतो तेव्हा जुना सेकंड इंजिनिअर उतरत असतो. कधी अर्धा दिवस मिळतो, कधी दोन तास. त्याला घरी जायची घाई. काही जण लिहून जातात, ‘ऑल मशिनरी इन गुड ऑर्डर’. तो निघून गेला की पहिल्याच रात्री अलार्म. आणि काही जण असं लिहितात: नंबर दोनच्या प्युरिफायरचं गॅस्केट मागच्या पोर्टला मागवलं होतं, आलं नाही. जुनंच बसवलंय, गळतं, खाली ट्रे ठेवलाय, दर पाळीला बघा. स्पेअरच्या यादीत दोन पंप सील दिसतील, प्रत्यक्षात एकच आहे. अशा माणसाला मी कधी भेटलो नसलो तरी पुढे कोणी विचारलं, “ह्याका वळाखतंस?” तर मी सांगतो, डोळे मिटून घ्या.

नोकरी सोडणाऱ्यांनी शेवटचे पंधरा दिवस जपावेत. तुम्ही आधी काय केलं ते विसरतील, जाताना काय अवस्थेत टाकून गेलात ते पुढच्याला रोज दिसतं.

प्रश्नार्थक

थोडं अवांतर. नाव कशाने जातं हे धाग्यात आहेच म्हणून विचारतो. मित्र (खरंच मित्र) दोन कंपन्यांत एकदम काम करतोय. शिवाय एकाने नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड न करता लॅपटॉप कुरिअर करून दिला. पुढे कळतं का?

एचआर_पण_माणूस

दोन्ही कळतं.

पीएफ असेल तर युएएन, म्हणजे पीएफचा सार्वत्रिक खाते क्रमांक, एकच असतो, २०१४ पासून. एकाच महिन्यात दोन कंपन्यांचा पीएफ जमा झालेला पासबुकात सरळ दिसतो, आणि पार्श्वभूमी तपासणीत तेच बघितलं जातं. २०२२ च्या सप्टेंबरात विप्रोच्या रिशद प्रेमजींनी जाहीर सांगितलं होतं की प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणारे ३०० जण सापडले आणि त्यांना काढलं. त्यानंतर सगळीकडे हे काटेकोर झालं. नोटीस न करता पळालेल्याला रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, आणि पुढची कंपनी पहिल्यांदा तेच मागते. घरात अडचण असेल, तब्येतीचं काही असेल तर बोला, बहुतेक वेळा काहीतरी मार्ग निघतो. गायब होऊ नका.

हे झालं कागदी. अधिकृत चौकशीला बऱ्याच कंपन्या फक्त तारखा आणि हुद्दा कळवतात. खरी चौकशी दुसऱ्या फोनवर होते. नेमणारा लिंक्डइनवर समाईक ओळखीचा शोधतो आणि संध्याकाळी चालता चालता फोन करतो. “अरे, तो तुझ्याबरोबर होता ना? कसा आहे?” पलीकडचा थांबून “ठीक आहे” म्हणाला, की तो फोन ठेवून पुढच्या उमेदवाराकडे वळतो. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. एखाद्याचं एका माणसाशी पटलं नाही म्हणून त्याची संधी गेलेली मी पाहिलीय. म्हणून निदान मी स्वतः तरी एकाच माणसाच्या शब्दावर कुणाला नाकारत नाही.

आणि जे तुमच्याबद्दल बोलणार असतात ते बहुधा तुमचे साहेब नसतात. बाजूच्या टीमचे, तुमच्यानंतर ते काम हातात घेतलेले, कधीकाळी तुमच्या हाताखाली असलेले लोक असतात. तुमचा ज्युनिअर पाच वर्षांनी कुठे बसलेला असेल सांगता येत नाही.

निवृत्त_उपअभियंता

मोठ्या माणसांची उदाहरणं देऊन भागत नाही हे ठाऊक आहे, तरी एक देतो. ई. श्रीधरन यांचं नाव कोकण रेल्वेने घरोघरी पोचलं. लोक म्हणतात, वेळेत काम करणारा माणूस. पण त्या मार्गाचं कामही लांबलं होतं. गोव्यात पेडण्याच्या बोगद्याला मऊ माती लागली, खणलेलं पुन्हा ढासळायचं. पूर्ण मार्ग सुरू व्हायला १९९८ चा जानेवारी उजाडला. तरी नाव गेलं नाही. उशीर का होतोय ते सगळ्यांना दिसत होतं.

आणि जुलै २००९ मध्ये दिल्लीत झमरूदपूरला मेट्रोचा पूल बांधकाम चालू असताना कोसळला, कामगार दगावले. त्याच दिवशी श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षितांनी तो स्वीकारला नाही, मग ते पुढे काम करत राहिले. कंत्राटदाराचं नाव पुढे करणं त्या दिवशी सहज शक्य होतं.

विद्रोही_बोका

काका, साहेबाने राजीनामा दिला तर तो परत दिला जातो. ज्युनिअर इंजिनिअरने दिला तर स्वीकारून वर चौकशी लावतात. एवढंच नोंदवून ठेवतो.

निवृत्त_उपअभियंता

नोंद योग्य आहे.

रात्रपाळीवाला

अपडेट देतो. परवा रात्री पुन्हा तोच जॉब. वसुधाताईंच्या नमुन्याप्रमाणे मेल टाकला. सकाळी मॅनेजरचं एका ओळीचं उत्तर: “हे वर्षात किती वेळा झालं?”

मला सांगता येईना. आजवर कोणी विचारलंच नव्हतं. जुने लॉग पुसले गेलेत. मग बंड्यालाच विचारलं. त्याच्या तक्त्यांत प्रत्येक बंद पडण्याची तारीख होती, अर्धा तास बसून त्याने यादी काढून दिली. बहुतेक तारखा महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी येतात, म्हणजे बिलिंगचा भार वाढला की. माझ्या अंदाजाने दुसरा एक जॉब त्याच वेळी तीच फाइल उघडतो.

आता प्रश्न असा की दुरुस्ती कोडमध्ये आहे, म्हणजे डेव्हलपमेंट टीमचं काम. मी स्वतःच एखादी स्क्रिप्ट लिहून तात्पुरतं भागवू शकतो, एका रात्रीचं काम आहे. करू, की त्यांच्याकडे देऊ?

मिरजेची_सिस्टर

स्क्रिप्ट लिहिली तर फोन येणार नाही, पण कारण तसंच राहील. आणि तुमच्यानंतर जो येईल त्याला ती स्क्रिप्ट कशासाठी आहे हे माहीत नसेल.

इंजिनरूमातलो

ट्रे ठेवा, पण गॅस्केट मागवा.

भोसरीचा_लेथवाला

दोन्ही करा. स्क्रिप्ट आज, आणि यादीसकट तिकीट (दुरुस्तीची लेखी मागणी) त्यांच्याकडे आजच. यादी बंड्याने काढली हे तिकिटात लिहा. त्यांच्याकडून तारीख मागून घ्या, तोंडी नको. महिन्याचा पहिला कामाचा दिवस आता कधी आहे?

रात्रपाळीवाला

पुढच्या सोमवारी. तिकीट टाकतो.